आला-गेला बधिरपणा

नोकरीत मी जेवढ्या माणसांना डोळे मिटायला सांगितलं, तेवढ्यांना एखाद्या पुजाऱ्यानेही सांगितलं नसेल. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मी भिवंडीत कुष्ठरोग नियंत्रणाच्या कामावर होतो. हुद्दा लांबलचक होता. लोक मात्र ‘डागवाले साहेब’ म्हणत, आणि ते नाव जास्त खरं होतं. सायकलवरून वस्त्या फिरायच्या, अंगावर फिकट किंवा लालसर डाग असलेली माणसं शोधायची आणि तो डाग बधिर आहे का ते पाहायचं, एवढंच आमचं काम.

परीक्षा अगदी साधी. हत्यार म्हणजे खिशातलं बॉलपेन. आधी उघड्या डोळ्यांनी समजावून द्यायचं की मी पेन टेकवतो, तुम्ही त्याच जागी बोट ठेवा. मग डोळे मिटायला लावायचे. चांगल्या कातडीवर बोट नेमकं जातं. बधिर डागावर टेकवलं तर माणूस तसाच वाट पाहत बसतो. त्या वाट पाहण्याची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही. चेहऱ्यावर आज्ञाधारक भाव असतो, ‘साहेब अजून सुरुवात का करत नाहीत?’ असा, आणि इकडे माझं तिसऱ्यांदा टेकवून झालेलं असतं.

माझा स्वभाव आकड्यांचा. गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला हे आजही मी कॅलेंडरवर लिहितो आणि त्यावरून बायकोची बोलणी खातो. तसाच मी कामातही एक नियम करून घेतला होता. डागावर दहा स्पर्श, आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी दहा. पुस्तकात असं काही नव्हतं. सहकारी हसायचे, “काय हो, दहावीची परीक्षा घेताय काय?” पण ‘थोडं बधिर वाटतं’ यापेक्षा ‘दहापैकी चार’ हे मला जास्त कळे. सहा महिने गोळ्या खाल्ल्यावर चाराचे सात झाले, तर ते त्या माणसाला दाखवताही येई.

कॉपी करणारेही भेटत. एक म्हातारी पापण्यांच्या फटीतून बघून दहापैकी दहा काढायची. मी तिच्याच पदराने तिचे डोळे झाकले, तेव्हा तीन आले. “मास्तर लय हुशार हाय,” म्हणाली, आणि मग रडायला लागली. तिला रोग माहीत होता. सुनेला कळू नये म्हणून तिने परीक्षा पास व्हायचा बेत केला होता. तिने गोळ्या पुऱ्या घेतल्या. शेवटच्या महिन्यात मला घरच्या झाडाचे पेरू दिले, आणि सुनेनेच ते पिशवीत भरले.

दुसरा एक इद्रिस म्हणून लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणारा होता. त्याची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं. कुणाला न सांगता त्याने गावी जायचं तिकीटही काढलं होतं. मी कोपराजवळची नस चाचपली. आमच्या रोगात ती दोरीसारखी जाड लागते. त्याची जाड नव्हती. आठवड्यातून दोनदा आमच्या केंद्रात येणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, “उभं राहून कंटाळलास की हात कुठे टेकतोस?” तो म्हणाला, “लूम के पट्टे पे, मॅडम.” दिवसाचे बारा तास कोपर लोखंडावर! त्यांनी कोपराला फडक्याची गादी बांधायला सांगितली. दोन महिन्यांत बोटं ताळ्यावर आली.

इद्रिससारख्या माणसाला आम्ही सांगायचो, “तू आपला नाहीस.” आमच्या खात्यात यासारखे गोड शब्द नव्हते. आपला नाही, म्हणजे डाग नाही, रोग नाही, घरी जा, सुखाने जेव. ते ऐकून माणसं पाया पडत, हसत, एकाने तर मला उचलून घेतलं होतं. रोज ते शब्द बोलून बोलून आमच्या डोक्यात त्यांचा अर्थ कधी बदलला ते कळलंच नाही. ‘आपला रोग नाही’ याचा अर्थ आम्ही ‘रोगच नाही’ असा धरून चाललो.

याचा हिशेब मला बाळारामच्या वेळी द्यावा लागला.

बाळाराम दिघाशीचा. वय चाळिशीचं, शरीराने दणकट, तोंडात तंबाखूचा बार. भिवंडीत एका कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. आठवडाभर कारखान्याशेजारच्या खोलीत राहायचा, बिशीत जेवायचा आणि सुट्टीला गावी जायचा. बिशी म्हणजे लूमवाल्यांची खानावळ. महिन्याचे पैसे भरायचे आणि दोन वेळा ओळीत बसून जेवायचं. आमच्या केंद्राबाहेरच्या भिंतीवर मी स्वतः गेरूने लिहिलं होतं, ‘अंगाला बधिरपणा? आजच तपासून घ्या.’ ते वाचून तो आपणहून आत आला.

“साहेब, काल माजा डावा आंग मेला व्हता,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“हात, पाय, गालाचा बी. पाना हातातनं पडला. कुणी चिमटा काढला असता तरी कलला नसता. पाव तासान आला परत.”

मी नेहमीसारखं सगळं केलं. डाग शोधला, मिळाला नाही. नसा चाचपल्या, जाड नव्हत्या. डोळे मिटायला लावून डाव्या हाताला दहा, उजव्याला दहा, मग पाय, मग गाल. सगळीकडे दहापैकी दहा. इतकी चोख उत्तरपत्रिका मी त्या महिन्यात पाहिली नव्हती.

“बाळारामभाऊ,” मी म्हणालो, “तुम्ही आपले नाही. जा, पेढे वाटा.”

तो हसला. दारापर्यंत जाऊन परत वळला. “मंग मना झाला काय व्हता?”

“वाकडे झोपला असाल. दुसरं काय?”

“उबा व्हतो मी, साहेब.”

“मग थकवा असेल.”

त्याने मान हलवली आणि गेला. मी वहीत नाव, कारखाना आणि ‘अर्धं अंग, पाव तास, तपासणीत काही नाही’ एवढं लिहिलं. नीट लिहिलं, हेच काय ते माझं पुण्य.

चार दिवसांनी डॉक्टरबाई आल्या. मी त्यांना आठवड्याचा गोषवारा वाचून दाखवत होतो. त्यांनी वही माझ्याकडून ओढून घेतली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“या अर्ध्या अंगाचं पुढे काय?”

“काही नाही, बाई. दोन्हीकडे दहापैकी दहा.”

“तुम्ही तपासलंत तेव्हा दहा. तो सांगत होता ते आदल्या दिवशीचं. ब्लडप्रेशर घेतलंत?”

“ते आपलं काम—”

“यंत्र कपाटात आहे. दोन वर्षं आहे. त्यावर तुम्ही पावत्यांचे गठ्ठे ठेवता.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्याच वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. ते पान अजून माझ्याकडे आहे. आपल्या रोगाचा बधिरपणा डागापुरता किंवा एका नसेपुरता असतो आणि तो पाव तासात जात नाही. दोन बोटांचा असेल तर कोपर बघा. अंगठा आणि शेजारची बोटं रात्री मुंग्या येऊन जाग आणत असतील तर मनगट बघा. एकच पाय मागून खाली बधिर होत असेल तर कंबर, एकच हात खांद्यापासून होत असेल तर मान. दोन्ही पायांना मोजे घातल्यासारखं वाटत असेल तर साखर आणि दारू विचारा. पण हात, पाय, गाल असं एका बाजूचं सगळं एकदम गेलं, तर ते कातडीचं नाही, डोक्यातलं आहे. तेसुद्धा नेहमी एकच नसतं. अर्धशिशीच्या आधी काहींना असं होतं, फिट येणाऱ्यांना होतं, मेंदूत गाठ असली तरी होतं. पण चाळिशीचा, तंबाखू खाणारा माणूस आणि एकाएकी आलेला बधिरपणा असेल, तर मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा आला असं आधी धरायचं.

“पण तो आपोआप गेला ना, बाई?” मी विचारलं.

“म्हणूनच घाई,” त्या म्हणाल्या. “चोर घर बघून गेलाय. तुम्ही म्हणताय, काही नेलं नाही ना, मग झोपा. पुढच्या वेळी तो अर्धं अंग घेऊनच जाईल. आज शोधा त्याला. चार दिवस आधीच फुकट गेलेत.”

मी सायकल काढली.

इथे आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. कारखान्यात जाऊन आम्ही पेशंटला कधीच नावाने विचारत नसू. तापाची पाहणी आहे म्हणायचं, पाचपन्नास जणांच्या पापण्या ओढायच्या, जिभा बघायच्या, आणि त्यांत आपला माणूस हळूच बाजूला घ्यायचा. ही रीत मी नव्या माणसांना शिकवत असे. त्या दिवशी मी स्वतःच ती विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो असंही नाही. बाळाराम आपला पेशंट नाही, मग त्याला कशाला रीत, असं मनात आलं. आणि घाई होती.

लूम चालू असताना कारखान्यात कुजबुजता येत नाही. मुकादमाच्या कानाशी जाऊन ओरडावं लागतं. मी ओरडलो, “बाळाराम जॉबर कुठाय? दवाखान्यातून आलोय!”

मुकादमाने मला ओळखलं. तोही ओरडला, “अरे, डागवाले साहब! बाळाराम को दाग निकला क्या?”

“नहीं, नहीं! दाग नहीं! आधा बदन सुन्न—”

एवढं बोललो आणि जीभ चावली. पण शब्द सुटला होता. सुन्न म्हणजे काय हे त्या वस्तीत पोराटोरांना पाठ होतं. पाठ करून घेणारे आम्हीच. भिंतीभिंतीवर मीच ते लिहीत सुटलो होतो. जवळचे दोन लूम थांबले, एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. तिसरा, जेवायची पाळी असलेला, माझ्याआधी बाहेर पडला.

बाळाराम बिशीत होता. मी तिथे पोचेपर्यंत नव्हता. ओळीत त्याच्या जागी अर्धं जेवलेलं ताट होतं आणि दोन्ही बाजूंची माणसं सरकून बसली होती. बिशी चालवणारी बाई ते ताट चिमट्याने उचलत होती.

“साहेब, तुम्ही तरी आधी सांगायचं,” ती मलाच म्हणाली. “महिनाभर जेवतोय तो इथे.”

“अहो, त्याला तो रोग नाही.”

“मग तुम्ही का आलात?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण पन्नास माणसांच्या जेवणाच्या वेळी ऐकून घेणारं कोणी नव्हतं. खोलीवर गेलो. तिथे कळलं की बाळाराम ट्रंक घेऊन एस.टी. स्टँडकडे गेला, बहुतेक गावी.

मी केंद्रात परत आलो आणि डॉक्टरबाईंना जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कपाट उघडलं, पावत्यांचे गठ्ठे खाली ठेवले आणि ब्लडप्रेशरचं यंत्र माझ्या पुढ्यात मांडलं. आधी माझ्या दंडावर आणि मग शिपायाच्या दंडावर त्यांनी मला ते घ्यायला शिकवलं. “आकडा काहीही येवो,” त्या म्हणाल्या, “त्याला घेऊन या. चालवत आणू नका.”

दुपारच्या गाडीने दिघाशीला उतरलो. घर विचारायला गावात नाव घ्यावंच लागलं. या वेळी मी ‘कारखान्यातून आलोय’ म्हणालो. बाळारामची बायको ओटीवर भात पाखडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं नाही.

“हितं कोन न्हाय,” ती म्हणाली.

“वहिनी, मी दवाखान्यातला—”

“ठाव हाय. आदी म्हनलास काय न्हाय. मंग कारखान्यात जाऊन बोंब मारलीस. आता गावात मारायला आलास? माज्या पोरीचा लगीन ठरायचा हाय.”

असं कुणी बोललं की आमच्याकडे ठरलेलं उत्तर असे, रोग पूर्ण बरा होतो, गैरसमज करून घेऊ नका. ते ओठांवर आलं होतं. ते गिळून मी म्हणालो, “चूक माझी आहे. एक नाही, दोन. त्यांना तो रोग नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आताही आहे. पण त्यांना झालं ते काय होतं, हे मी नीट विचारलं नाही. ते यापेक्षा घाईचं आहे.”

घरामागून बाळारामचा आवाज आला, “एक रोग न्हाय म्हनतं, दुसरा हाय म्हनतं. तुमचा दुकान हाय का रोगांचा?”

तो पेंढ्याच्या उडवीला टेकून बसला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो, यंत्र उघडलं. तो नको म्हणाला नाही. बायको सूप हातात घेऊन मागे उभी राहिली. मी डाव्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशे वीस, खालचा एकशे तीस. नवशिका म्हणून मला माझाच भरवसा वाटेना. उजव्या दंडावर घेतलं, जवळपास तेच. तिसऱ्यांदा पट्टा बांधत होतो तेव्हा तो म्हणाला, “साहेब, हात.”

“काय?”

“गेला. परत गेला.”

मी पेन काढलं. डोळे मिटायला सांगायचं भान राहिलं नाही. त्याच्या तळहाताला टोक टेकवलं. तो आपल्या हाताकडे बघत होता, पेनाकडे बघत होता, आणि त्याला काही कळत नव्हतं. पुढे तो काहीतरी बोलायला गेला तर शब्द जड आले आणि ओठांचा डावा कोपरा खाली उतरला.

बायकोच्या हातातलं सूप पडलं. “अवं, त्यांचा तोंड बगा!” ती माझ्यावरच ओरडली, आणि मग त्याच आवाजात शेजाऱ्यांवर. दोन घरं पलीकडे वीटभट्टीचा टेम्पो उभा होता. चार जणांनी बाळारामला उचललं. बाळारामच्याच गाडीने गावात पोचलेली बातमी ऐकून दुपारपासून ज्यांनी रोगाच्या भीतीने त्या घराकडे पाहिलं नव्हतं, त्यांतलेच हे चार होते, हे मला नंतर कळलं. विटांवर गोधडी टाकून आम्ही त्याला कुशीवर निजवलं. बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्ताभर ती त्याचा डावा हात चोळत होती आणि मी घड्याळ बघत होतो. भिवंडीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ जवळजवळ जागेवर आले होते, बोटं हलत होती. तो टेम्पोतून उतरून चालायला निघाला.

“बरा झालो मी,” म्हणाला.

“झोपा,” मी म्हणालो. आयुष्यात मी पेशंटवर एवढा कधी ओरडलो नसेन.

तिथून त्याला ठाण्याला पाठवलं. तो तिथे अकरा दिवस होता. मोठा झटका यायच्या आत प्रेशर खाली आणता आलं, गोळ्या सुरू झाल्या, तंबाखू सुटला. डाव्या हाताच्या बोटांत थोडा जडपणा उरला, तो पुढे कमी होत गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “नशीब.” पण त्या दिवसापासून ब्लडप्रेशरचं यंत्र कपाटात गेलं नाही. ‘आपला नाही’ म्हणण्याआधी मी चार प्रश्न विचारायला लागलो. केव्हा आलं, किती वेळ राहिलं, अंगाचा केवढा भाग, आणि तेव्हा तोंड किंवा बोलणं वाकडं झालं का. मी नोकरी सोडेपर्यंत असा आला-गेला बधिरपणा झालेले आणखी सहा जण सापडले. सहाही जणांना त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पोचवलं. मी माझ्या कामाबद्दल फारसा बढाईने बोलत नाही, पण हा आकडा मी पाहुण्यांना सांगतो.

बिशीचं मात्र काही जमलं नाही. बाळारामला कुष्ठरोग नाही असा डॉक्टरबाईंच्या सहीचा कागद घेऊन मी गेलो. बिशीवाल्या बाईने तो कुणाकडून तरी वाचून घेतला. “कागद खरा असेल, साहेब,” ती म्हणाली, “पण जेवताना कागद कोण बघतो?” कारखान्याचा मालक भला होता. त्याने पगार चुकता केला, वर थोडे दिले, आणि दुसरा जॉबर ठेवला. मी मुकादमाला समजावलं, दोन वेळा त्या कारखान्यातल्या सगळ्यांची तपासणी घेतली, भिंतीवरचा मजकूर पुसून ‘बधिर डाग’ असा नेमका लिहिला. मी दोन शब्द नेमके लिहावेत म्हणून एका माणसाची नोकरी जावी लागली.

दीड-दोन महिन्यांनी बाळारामची बायको केंद्रावर आली. एकटीच. आत आली नाही, सायकलींपाशी उभी राहिली. मी बाहेर गेलो.

“कोन गावाला काम लागला त्यांना,” ती म्हणाली. “तिथं कोनाला काय ठाव न्हाय.”

“चांगलं झालं. गोळ्या घेतात ना?”

“घेतात. मी मोजून देते.” मग म्हणाली, “साहेब, तुमी जीव वाचवलाव. त्याचा उपकार हाय. पन एक इनंती हाय. रस्त्यात कुटं दिसलाव तर बोलू नका. तुमच्यासंगती बोलताना बगला तर लोक इचारतात.”

“नाही बोलणार,” मी म्हणालो.

तिने हात जोडले. मीही जोडले.

त्यानंतर साताठ वर्षांनी असेल, कल्याणहून येताना कोन गावच्या बाजारात उतरलो होतो. केळी घेत होतो. समोरून बाळाराम येत होता, केस पांढरे झालेले, बरोबर जावयासारखा दिसणारा एक तरुण. बाळारामच्या डाव्या हातात तेलाचा मोठा डबा होता. कडीत अडकवलेली चारही बोटं घट्ट मिटलेली होती. जावई ‘द्या इकडे’ म्हणत होता आणि तो देत नव्हता. माझ्यासमोर आला तेव्हा त्याने मला पाहिलं. मी केळ्यांकडे वळलो आणि केळीवाल्याला भाव विचारला, जो मी आधीच विचारला होता. डब्याचा हात न बदलता तो माझ्या पाठीमागून गेला.